चाक काढायचे, पण गाडी कशावर ठेवायची?

‘स्टेपनी’ हा शब्द वणीच्या पंक्चरवाल्यापासून मुंबईच्या टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. तो आला वेल्समधील लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ च्या सुमारास तेथील डेव्हिस बंधूंनी हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली एक धाव विकायला काढली. पंक्चर झालेल्या चाकावरच ती आवळून बसवायची. चाक काढणे इतके जिकिरीचे होते की ते न काढण्याचीच युक्ती विकली गेली!

बैलगाडीला हा प्रश्न तसा सोपा होता. आखाला वंगण घालायचे तर एका बाजूला लाकडी टेकू द्यायचा; दुसरे चाक आणि जमिनीला टेकलेले जू उरलेला भार पेलत. दुचाकीची चाके मात्र एकामागे एक. चाक काढले की तोल आणि आधार दोन्ही जातात.

म्हणून आरंभीच्या मोटारसायकलींना मागच्या आसापाशी बिजागरीवर फिरणारा स्टँड असे. कित्येक ब्रिटिश गाड्यांना पुढच्या चाकासाठीही वेगळा असे. मालक वाटेत स्वतःच चाक काढणार, हे कारखान्याने गृहीत धरले होते. पुढे मधला ‘मेन स्टँड’ आला. तो म्हणजे निव्वळ तरफ: पायाने दाबलेल्या दांडीवर शरीराचा भार टाकला की गाडी मागे सरकत वर चढते.

सर्वांत देखणे उत्तर इटलीतून आले. १९४६ च्या व्हेस्पाचा रचनाकार कोराडिनो दास्कानिओ विमान-अभियंता होता. त्याने विमानाच्या चाकाप्रमाणे स्कूटरचे चाक एकाच बाजूने धरले. आकुर्डीच्या बजाजची १९७२ ची चेतक याच कुळातली. नट सोडा, स्टेपनी चढवा, चला.

मग ट्यूबलेस टायर आले. पंक्चर चाक न काढताच निघू लागले आणि वजन वाचवण्यासाठी अनेक गाड्यांचा मेन स्टँड गेला. २०१६ च्या हिमालयनने तो राखला, हे माझ्या मते शहाणपणाचे. कारण टायर बदलायला, बेअरिंग पाहायला चाक आजही काढावेच लागते, आणि प्रवासी मोटारसायकलीचे वजन १८० ते २५० किलो भरते.

नांदुरीचा घाट चढून सप्तशृंगीला जाणारी गाडी घरच्या अंगणात उचलायची असेल, तर जागा सपाट आणि टणक हवी. माती असेल तर स्टँडखाली जाड फळी. आसाचा नट दोन्ही चाके जमिनीवर असतानाच सैल करावा. उचललेल्या गाडीवर लांब पान्याला दिलेला झटका तिला खाली पाडू शकतो. साइड स्टँडवर गाडी कलंडवून दुसऱ्या बाजूला विटा रचण्याची पद्धत सर्रास दिसते. ती टाळावी, कारण गाडी पुढे सरकली की तो स्टँड मिटतो.

मेन स्टँड नसेल तर शर्यतीच्या मैदानावरून आलेला पॅडॉक स्टँड वापरता येतो. आधी मागचा लावावा, मगच पुढचा. लावताना दुसऱ्या माणसाने गाडी सरळ धरावी आणि पुढचा ब्रेक पट्ट्याने बांधून ठेवावा. मेन स्टँडवरील गाडीचे पुढचे चाक काढताना जॅक फ्रेमखाली किंवा मजबूत इंजिन-गार्डखाली लावावा, सायलेन्सरखाली कधीही नाही. दोन्ही चाके एकदम काढण्याची घाई नको. एक बसवून घट्ट करावे, मग दुसरे सोडावे.