गटवार गुणोत्तराचा ताळा

सांख्यिकीय प्रोग्रामने गटागटासाठी काढलेले गुणोत्तर दुसऱ्या, स्वतंत्र रीतीने काढून पडताळणे. तोच प्रोग्राम पुन्हा चालवणे म्हणजे ताळा नव्हे. रीतच चुकली असेल तर तेच चुकीचे उत्तर परत हाती येते.

सर्वांत जास्त फसगत गुणोत्तरांच्या सरासरीने होते. बडोदे लोकसभा मतदारसंघात सात विधानसभा मतदारसंघ येतात, अकोटा त्यांपैकी एक. या सातांच्या मतदान-टक्केवाऱ्यांची सरासरी म्हणजे लोकसभेची टक्केवारी नव्हे, कारण मतदारांची संख्या सगळीकडे सारखी नसते.

२०११ च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रात ३,१५,३९,०३४ पुरुष व ३,००,१७,०४० स्त्रिया होत्या. शहरी भागात २,६७,०४,०२२ पुरुष व २,४१,१४,२३७ स्त्रिया. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया अनुक्रमे ९५२ व ९०३. यांची साधी सरासरी ९२७.५ येते, आधी बेरजा व मग भागाकार केला तर राज्याचा खरा आकडा ९२९.४, म्हणजे ९२९. याचा ताळा भारित सरासरीने घेता येतो, पण भार छेदाचा, म्हणजे पुरुषसंख्येचा हवा. एकूण लोकसंख्येचा भार दिला की ९२९.७ येऊन उत्तर ९३० वर जाते. भार बरोबर असूनही अपूर्णांक आधीच तोडून ९५२ व ९०३ वापरले, तरी ९३०च. फरक एकाचाच, म्हणून तो नजरेतून सुटतो.

गटाचे नाव कोरे असलेल्या ओळी हा दुसरा खड्डा. ‘सॅस’मधील ‘प्रोक मीन्स’ वर्ग-चलाची किंमत नसलेल्या ओळी, वेगळे सांगितले नाही तर, वगळते; ‘प्रोक एसक्यूएल’ त्यांचा स्वतंत्र गट करते. ‘आर’मध्ये ‘टीअप्लाय’ व ‘डीप्लायर’ यांच्यातही हाच फरक आहे. त्यामुळे या जोड्यांतील एका रीतीने काढून दुसरीने पडताळले की गटांची संख्याच जुळत नाही आणि कोऱ्या ओळी उघड्या पडतात. पडताळणीचा खरा लाभ इथे आहे.

गुणोत्तर जुळले तरी अंश व छेद वेगवेगळे जुळवून पाहावेत. दोन तक्ते जोडताना प्रत्येक ओळ चुकून दोनदा आली, तर अंश व छेद दोन्ही दुप्पट होतात आणि भागाकार जागचा हलत नाही.