लासरू, भूल आणि भीती

काकतीचे नाव निघाले की कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे स्मरण होते. १८२४ साली इंग्रजांशी लढलेल्या या राणीचे हे जन्मगाव. अशा गावीदेखील डोळ्याच्या कोपऱ्याशी शस्त्र येणार म्हटले की थोरामोठ्यांचा धीर सुटतो, आणि त्यात लाजण्याजोगे काही नाही. डोळा सतत पाझरणे, नाकाशेजारी गाठ येऊन पू होणे, या विकारास आपण लासरू म्हणतो. त्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहता आम्हांस वाटते, की वैद्यकाने वेदना आधी जिंकली; भीतीकडे लक्ष पुष्कळ उशिरा गेले.

अश्रू डोळ्याच्या कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांतून अश्रुपिशवीत आणि तेथून नलिकेवाटे नाकात उतरतात. म्हणूनच रडताना नाकही वाहते. नलिका बुजली की पिशवीत पाणी साचून जंतू वाढतात. मोतीबिंदू काढण्यापूर्वी डॉक्टर ही पिशवी तपासतात, कारण तेथील जंतू डोळ्यात शिरल्यास दृष्टीच जाण्याचा धोका असतो.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या सांध्याशी होणाऱ्या 'पूयालस' या विकाराचे वर्णन आहे. शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास जेवू घालावे, आणि मद्याची सवय असलेल्या पण वेदना न सोसणाऱ्यास तीक्ष्ण मद्य द्यावे, असेही ही संहिता सांगते. अन्नाने मूर्च्छा टळावी आणि नशेत शस्त्र जाणवू नये, हा त्यातील हेतू. रोग्याच्या मनाला शांत करण्याचा विचार असा फार जुना आहे.

१८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखविला आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. १९०३ मध्ये हाइनरिख ब्राउन यांनी बधिर करणाऱ्या औषधात अॅड्रेनलिन मिसळले. त्यामुळे रक्तस्राव घटला व भूल अधिक काळ टिकली. लगेच १९०४ मध्ये फ्लॉरेन्सच्या अदेओ तोती यांनी पिशवीशेजारच्या हाडात खिडकी पाडून अश्रूंना नाकात नवी वाट काढून दिली. पुढे १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. आज या शस्त्रक्रियेत कोपऱ्याच्या मज्जातंतूंपाशी त्याची सुई देतात आणि नाकात औषधाची पट्टी भरतात.

तथापि बधिरता कानापर्यंत पोहोचत नाही. हाड कुरतडल्याचा आवाज जागा रोगी ऐकतो. दाब जाणवतो, घशात रक्ताची चव येते. भीतीने रक्तदाब चढला की रक्तस्रावही वाढतो. पूर्ण भूल द्यावी, तर वृद्ध, हृदयविकारी रोग्यास तिचा भार सोसेलच असे नाही. या दोहोंमधली वाट म्हणजे स्थानिक भुलीच्या जोडीला शिरेतून दिलेले शामक औषध. १९६३ साली डायझेपाम बाजारात आले. त्यानंतर आलेल्या मिडाझोलामचा अंमल लवकर ओसरतो आणि प्रसंगाची आठवणही पुसट होते. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेल्या तत्त्वामुळे बोटावरील चिमट्याने रक्तातील प्राणवायू सतत मोजता येऊ लागला, आणि ही वाट अधिक निर्धोक झाली.

मात्र येथे अति करून चालत नाही. गुंगी गडद झाली तर खोकण्याची शक्ती मंदावते आणि नाकातून उतरणारे रक्त श्वासनलिकेत जाऊ शकते. काही वृद्ध त्याच औषधाने शांत होण्याऐवजी बेभान होतात. म्हणूनच रोग्यास आधी उपाशी ठेवतात, औषध थोडेथोडे देतात आणि भूलतज्ज्ञ जवळून हलत नाही.

हाक मारताच रोग्याने उत्तर द्यावे, हेच या गुंगीचे माप. आमच्या सीमाभागात ती हाक कधी मराठीत द्यावी लागते, कधी कन्नडमध्ये. अर्धवट झोपेतील आजींना कळेल अशा बोलीत कोणी 'घाबरू नका' म्हटले, तर सुईतून दिलेल्या औषधाचे निम्मे काम तेथेच झालेले असते.