कॉफीचा ठेला आणि टिपणवही

‘मुलांशी आपुलकीने वागा’ असा उपदेश करणारे पुष्कळ. पण कसे वागायचे, हे शिकवता येते का? इंग्लंडमध्ये साठ-पासष्ट वर्षांपूर्वी काही मंडळींनी हा प्रश्न मनावर घेतला होता, त्याबद्दल आज थोडे.

सक्तीची लष्करभरती संपत आली होती. शाळा सुटलेल्या पोरांच्या खिशात पैसा खुळखुळत होता आणि मोठ्यांना त्यांची धास्ती वाटू लागली होती. सरकारने १९५८ साली लेडी अल्बेमार्ल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पूर्णवेळ युवक-कार्यकर्ते तेव्हा जेमतेम सातशे होते. ते १९६६ पर्यंत तेराशे करा, असे १९६० च्या अहवालात म्हटले होते. त्यासाठी लेस्टरला वर्षभराच्या अभ्यासक्रमाचे कॉलेज निघाले (१९६१), ते १९७० मध्ये बंद झाले.

क्लब वाढले, पण काही मुले तिकडे फिरकतच ना. मग कार्यकर्तेच त्यांच्याकडे गेले. अशाच एका प्रयोगावरचे मेरी मॉर्स यांचे ‘द अनअटॅच्ड’ हे पुस्तक १९६५ चे. लंडनमध्ये वायडब्ल्यूसीएने तर चक्क कॉफीचा ठेला मांडला. नाव नोंदवा नाही, वर्गणी नाही. या, कॉफी घ्या, वाटले तर बोला. त्यावर जॉर्ज गोएट्शियस आणि जोन टॅश यांनी १९६७ मध्ये पुस्तक लिहिले.

मला भावली ती टॅशबाईंची पद्धत. कार्यकर्त्याने मुलांशी काय बोलणे झाले ते टिपून ठेवायचे, आणि ती टिपणे घेऊन एका अनुभवी माणसाजवळ नियमाने बसायचे. तो मुलगा चिडला तेव्हा तू काय म्हणालास? तुला स्वतःला काय वाटले? समोरच्याने चुका काढायच्या नाहीत, ऐकायचे आणि विचार करायला लावायचे. याला त्या ‘सुपरव्हिजन’ म्हणत. (आपल्याकडे या शब्दाने डोळ्यांपुढे परीक्षेचा हॉल येतो!) नोकरीच्या काळात माझे पाठ पाहायला साहेब येत, मागच्या बाकावर बसत, शेरा लिहून चहा घेऊन जात. वर्गातल्या एखाद्या अबोल मुलाविषयी माझ्याशी कुणी अर्धा तास बोलल्याचे आठवत नाही.

तिकडेही आता सुबत्ता नाही. २०१० नंतर नगरपालिकांनी युवक-सेवेचा खर्च फार कापला, कित्येक क्लबांना कुलपे लागली.

असो. आमची भाची सध्या एका संस्थेतर्फे वस्तीतल्या मुलामुलींबरोबर काम करते. तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्रही मिळाले. म्हटले, “आता अडले तर कुणाशी बोलतेस?”

“महिन्याचा रिपोर्ट मेल करायचा असतो, मामा.”

दर रविवारी संध्याकाळी फोन कर, असे तिला सांगितले आहे. वही घेऊन बस, असेही.