सारा बर्नहार्ट : महायुद्धातील वृत्तपत्रांची नायिका

पहिले महायुद्ध ऑगस्ट १९१४ मध्ये भडकले, तेव्हा फ्रेंच रंगभूमीवरील विख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्ट सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या. पॅरिसमध्ये त्यांच्या नावाचे नाट्यगृह होते. युरोप-अमेरिकेतील दौरे आणि 'क्वीन एलिझाबेथ' (१९१२) या मूकपटामुळे त्यांची कीर्ती सर्वदूर पोचली होती. मात्र वृत्तपत्रांशी त्यांचे नाते कधीच सरळ नव्हते. तरुणपणी व्यंगचित्रकारांनी त्यांच्या कृश देहाची टिंगल केली, तर ज्यूद्वेष्ट्या पत्रांनी त्यांचे कूळ काढले. युद्धाने हे चित्र पालटले. ज्यांच्या फ्रेंचपणाविषयीच शंका घेतली जात होती, त्याच सारा आता राष्ट्राचे प्रतीक ठरल्या.

यामागे तत्कालीन पत्रव्यवहाराची कोंडीही होती. ५ ऑगस्ट १९१४ च्या कायद्याने फ्रान्समध्ये लष्करी बातम्यांवर कडक निर्बंध आले. सेन्सॉरने कापलेल्या मजकुराच्या जागी पांढरे रकाने तसेच छापले जात. आघाडीवरील खरी हानी सांगता येत नसताना एका वृद्ध अभिनेत्रीच्या जिद्दीची कहाणी मात्र निर्धास्त छापता येत होती.

ती कहाणी २२ फेब्रुवारी १९१५ रोजी घडली. गुडघ्याच्या जुन्या दुखण्यामुळे बोर्दो येथे त्यांचा उजवा पाय मांडीपासून कापण्यात आला. त्या काळात फ्रान्समधील रुग्णालये हातपाय गमावलेल्या जवानांनी भरली होती. त्यामुळे साराबाईंच्या शस्त्रक्रियेला खासगी दुखण्यापलीकडचा अर्थ प्राप्त झाला. दंतकथांनाही तोटा नव्हता. कापलेला पाय प्रदर्शनात मांडण्यासाठी अमेरिकी सर्कसवाला बार्नम मोठी रक्कम देण्यास तयार होता, ही त्यांपैकी सर्वांत चिवट. बार्नम १८९१ मध्येच निवर्तला होता, एवढे पाहण्याची तसदीही ती सांगणाऱ्यांनी घेतली नाही.

कृत्रिम पाय साराबाईंना रुचला नाही. खुर्चीवजा पालखीतून त्या वावरू लागल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रंगमंचावर परतल्या. यूजेन मोरां यांच्या 'ले कातेद्राल' या काव्यनाट्यात फ्रान्सची कॅथेड्रल स्त्रीरूपाने बोलतात. साराबाईंनी त्यात स्ट्रासबुर्गची भूमिका केली. ते शहर १८७१ पासून जर्मनीच्या ताब्यात होते, हे प्रेक्षकांना वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

१९१६ मध्ये त्या थेट आघाडीजवळच्या सैनिकांपुढे गेल्या. सोबत असलेल्या अभिनेत्री बेआत्रिक्स द्युसान यांनी पुढे या दौऱ्याच्या आठवणी लिहिल्या. त्यातील सारा ही वृत्तपत्रांतील पुतळ्यापेक्षा अधिक खरी वाटते. खुर्चीतून वाहून नेली जाणारी, हालचालींची मुभा न उरलेली ही वृद्ध स्त्री केवळ आवाजाच्या बळावर जवानांना जिंकून घेत असे. 'द्यू तेआत्र ओ शां दॉनर' या एकांकिकेत तर रणांगणावर झाडाला टेकून प्राण सोडणारा तरुण फ्रेंच सैनिक त्यांनी रंगवला.

चित्रपटानेही हीच प्रतिमा उचलली. 'मेर फ्रांसेझ' (१९१७) मध्ये पती आणि पुत्र युद्धात गमावणाऱ्या मातेची भूमिका त्यांनी केली. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांच्या माऱ्यात होरपळलेल्या रँस कॅथेड्रलसमोरील जोन ऑफ आर्कच्या पुतळ्यापाशी ही माता प्रार्थना करते, हे त्यातील गाजलेले दृश्य. हा प्रचारपट होता, यात शंका नाही. परंतु खऱ्या भग्नावशेषांजवळ खरोखर पाय गमावलेली अभिनेत्री उभी करणारा प्रचार विरळाच.

ऑक्टोबर १९१६ मध्ये त्या अमेरिकेत दाखल झाल्या, तेव्हा तो देश अद्याप तटस्थ होता. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांच्यावर आणखी एक शस्त्रक्रिया झाली. त्यातून सावरून त्यांनी प्रयोग आणि दोस्त राष्ट्रांच्या बाजूने भाषणे पुढे चालूच ठेवली. १९१८ मध्ये युद्ध संपत असताना त्या मायदेशी परतल्या.

२६ मार्च १९२३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. 'ला व्हॉयांत' या चित्रपटाचे काम तेव्हा अपुरेच राहिले होते. शेवटच्या दिवसांत घराबाहेर वार्ताहर ताटकळत असल्याचे कळताच, आजवर त्यांनी मला छळले, आता मी त्यांना थोडे तिष्ठत ठेवते, अशा अर्थाचे त्या बोलल्याचे सांगितले जाते.