पेंडीचा मागोवा

2021 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड परदेशातून आणायला परवानगी दिली. माल उतरवायला सुरुवातीला दोनच ठिकाणं नेमून दिली होती, आपलं न्हावा-शेवा आणि बंगालच्या सीमेवरचं पेट्रापोल. पेंडीचा भाव किलोला शंभराच्या घरात गेला होता आणि कुक्कुटपालक मेटाकुटीला आले होते. आदेशात एक अट होती: पेंड दळलेली, तेल काढलेली आणि निर्जीव हवी. तिच्यातून रोप उगवता कामा नये. ती रुजणार नाही, या मुद्द्यावरच पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली नाही. पण ही पेंड ज्या कोंबडीच्या आतड्यातून जायची होती, तिचं काय? मला हा प्रश्न रुजण्या-न रुजण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आणि तो जनुकतंत्राच्याही आधीपासून विचारला जातो आहे.

1917 साली अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोघांनी उंदरांना सोयाबीन खाऊ घातलं. शिजवलेल्या दाण्यांवर उंदीर वाढले, कच्च्यावर खुंटले. त्यामागचा एक गुन्हेगार 1945 मध्ये कुनिट्झने स्फटिकरूपात वेगळा केला. हे प्रथिन ट्रिप्सिन या पाचक विकराला जखडून ठेवतं. मग अन्नातली प्रथिनं पचत नाहीत, आणि जादा ट्रिप्सिन बनवता बनवता कोंबडीचं स्वादुपिंड मोठं होतं. म्हणून पेंडीला आच द्यावी लागते, तीही बेताची. कमी पडली तर हा घटक शिल्लक राहतो, जास्त झाली तर लायसिन हे अमिनो आम्ल वाया जातं. खाद्य-कारखान्यात आजही पेंड आली की युरिएजची चाचणी लावतात, ती आच पुरेशी लागली का हे बघायला. यात जनुकीय बदलाचा काही संबंध नाही. आपल्या लातूरच्या शेतातल्या सोयाबीनलाही हे लागू आहे. निसर्गाने दिलेला दाणा म्हणजे आतड्याला निर्धोक, असं धरून चालता येत नाही, हे कोंबडीवाल्यांना शंभर वर्षांपासून माहीत आहे.

1960 मध्ये दुसरा धडा मिळाला. इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पिल्लं पटापट मेली. रोग सापडेना, म्हणून त्याला नुसतं ‘टर्की एक्स’ म्हटलं. शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. तिच्यावर बुरशी वाढली होती आणि त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं.

जनुकाची वाट मात्र रेशमाच्या किड्यांपासून सुरू होते. 1901 मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना मरणाऱ्या रेशीमकिड्यांत एक जिवाणू सापडला. 1911 मध्ये जर्मनीच्या थुरिंजियात बर्लिनर यांना तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत दिसला, आणि त्या प्रांतावरून त्याचं नाव पडलं: बॅसिलस थुरिंजिएन्सिस. आपल्या बीटी कापसातला ‘बीटी’ तो हाच. त्याच्या प्रथिनाचे स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात, तिथल्या पेशींवरच्या ठरावीक जागी चिकटतात आणि पेशींना भोकं पाडतात. कोंबडीच्या पोटात आम्ल असतं, पुढे गिझर्डमध्ये दाणा भरडला जातो, आणि चिकटायला लागणाऱ्या त्या जागाही तिच्या आतड्यात नाहीत. अळीला मारणारं प्रथिन कोंबडीला का बाधत नाही, याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर इथे आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. 1996 मध्ये अमेरिकेत बाजारात आलेलं सोयाबीन बीटी नव्हतं, ते ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारं होतं. बीटी आणि तणनाशक-सहनशीलता एकत्र असलेलं सोयाबीन 2013 पासून ब्राझीलमध्ये पिकतं आहे. 1996 च्या वाणाची चाचणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. उंदीर, ब्रॉयलर कोंबड्या, कॅटफिश आणि दुभत्या गाईंना ते खाऊ घातलं आणि साध्या सोयाबीनपेक्षा फरक दिसला नाही. हे संशोधन बियाणं विकणाऱ्या कंपनीच्या लोकांचं होतं. निष्कर्ष खरा असला तरी वाचताना हे विसरू नये.

दोन वर्षांनी स्कॉटलंडच्या रोवेट संस्थेतले आर्पाद पुस्ताई टीव्हीवर आले. स्नोड्रॉपच्या कंदातल्या लेक्टिन या प्रथिनाचं जनुक घातलेले बटाटे त्यांनी उंदरांना दिले होते, आणि आतड्याच्या अस्तरात बदल दिसल्याचं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना निलंबित केलं गेलं. रॉयल सोसायटीने प्रयोग सदोष ठरवला, तरी 1999 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्या प्रयोगाची बैठक कच्ची होती, असं मलाही वाटतं. पण नुसतं वजन न मोजता आतड्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली बघा, हा त्यांचा आग्रह बरोबर होता. ब्रॉयलर सहा आठवड्यांत विकली जाते. तेवढ्यात वजन भरलं म्हणजे सगळं ठीक, असं म्हणून कसं चालेल?

त्यामुळे मला जर्मन काम जास्त मोलाचं वाटतं. फ्लाखोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीटी मका लाव्यांना सलग दहा पिढ्या खाऊ घातला. 2005 मध्ये त्यांनी निकाल मांडला: वाढ, अंडी, उबवण, कशातच घसरण नाही. खाद्यातल्या वनस्पतींच्या डीएनएचे बारीक तुकडे कोंबडीच्या मांसापर्यंत पोचतात, हे जर्मनीतच 2001 मध्ये दिसलं होतं. ते हरितलवकांचे होते. बीटी जनुकाचा तुकडा मात्र सापडला नाही. 2014 मध्ये अमेरिकेतली 1996 च्या आधीची आणि नंतरची, शंभर अब्जांहून अधिक जनावरांची माहिती ताडून पाहिली गेली. त्यात बहुतेक कोंबड्याच. त्यांच्या आरोग्यात खाद्यामुळे बिघाड झाल्याची खूण मिळाली नाही. मी हा पुरावा मानतो.

तरी न्हावा-शेव्याला उतरलेल्या पोत्यांबद्दल मला जे विचारायचं आहे, ते सुटत नाही. आच नीट लागली होती का? समुद्रावरच्या आठवड्यांत ओल धरून बुरशी आली होती का? तणनाशकाचा अंश किती होता? कोंबडीच्या आतड्याला धोका असलाच, तर तो जनुकापेक्षा या तीन गोष्टींतून येण्याची शक्यता जास्त, आणि तिन्ही बंदरावरच तपासता येतात.

त्या ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास होतं. नवा माल येईपर्यंत भाव निम्म्याजवळ उतरला. सरकारचा हमीभाव होता 3,950 रुपये. पेंडीला विरोध करणाऱ्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना कोंबडीच्या आतड्याची नाही, या उतरत्या भावाची धास्ती होती.