मुलींच्या मासिकात प्रश्नांचं पान कुठे असतं?



मुंबईत बायकांसाठी मासिक काढायची कल्पना आधी पुरुषांना सुचली. 1857 साली ‘स्त्रीबोध’ हे गुजराती मासिक सुरू झालं. मुंबई विद्यापीठही त्याच वर्षी स्थापन झालं, पण त्याची दारं मुलींना उघडायला 1883 साल उजाडावं लागलं. ‘स्त्रीबोध’च्या मागे मुख्यतः पारशी सुधारक मंडळी होती, सोबत काही गुजराती हिंदू गृहस्थ होते. घरात बसून जिला थोडंफार वाचता येतं तिच्या हाती काही चांगलं पडावं, हा त्यांचा हेतू. 1863 मध्ये केखुशरू काबराजी संपादक झाले आणि 1904 मध्ये वारले तोवर त्यांनी ते सांभाळलं.

त्यात शिवणकाम असे, घराची टापटीप असे, मुलांचं संगोपन, बोधपर गोष्टी, जगाची थोडी माहिती असे. मी याला नावं ठेवणार नाही. ज्या काळी मुलीच्या हातात पुस्तक दिसलं की घरात कुजबूज सुरू व्हायची, त्या काळी हे मोठंच काम होतं. पण त्यात सांगणारा एक होता आणि ऐकणारी दुसरी. चांगली पत्नी कशी व्हावं, चांगली आई कशी व्हावं, हे तिला सांगितलं जाई. तिला काय विचारायचं आहे, याला फारशी जागा नव्हती.

मासिकाची मांडणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मुखपृष्ठ, रंग, अक्षरं येतात. मला मात्र या जुन्या मासिकांबद्दल वाचताना वाटत गेलं की आधी एकच गोष्ट बघावी. वाचणारीला बोलायला त्यात किती जागा आहे?

जागा नसली की काय होतं, याचं उदाहरण गिरगावातलंच आहे. डॉ. सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, मोठी झाल्यावर तिने सासरी जायला नकार दिला आणि नवऱ्याने कोर्टात दावा लावला. 1885 साली विशीतल्या या मुलीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला पत्रं लिहिली. बालविवाहाने मुलींचं शिक्षण कसं तुटतं, शरीरमनाचे काय हाल होतात, हे तिने मांडलं. खाली नाव नव्हतं, ‘एक हिंदू स्त्री’ एवढीच सही होती. स्वतःच्या मनातलं सांगायला तिला इंग्रजी वर्तमानपत्र गाठावं लागलं, तेही नाव लपवून. 1887 मध्ये कोर्टाने निकाल दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी पैसे देऊन तडजोड झाली, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला तिने कितीतरी वर्षं बायकांची सेवा केली.

त्याच दशकात मानकबाई लाड यांनी ‘आर्यभगिनी’ हे मराठी मासिक चालवलं. आता बायकांच्या मासिकाची संपादकही बाईच होती. नावातच ‘भगिनी’ आहे बघा. गुरू किंवा पालक म्हणून बोलण्यापेक्षा बहीण म्हणून बोलायचं, हा बदल त्या एका शब्दात आला.

आपल्या समाजातलं उदाहरण तर घरातलंच म्हणावं असं आहे. सांगली-कोल्हापूरकडून मुंबईला आलेली आपली माणसं सी. पी. टँकजवळच्या हिराबाग धर्मशाळेत उतरायची. ती बांधणाऱ्या शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांची मुलगी म्हणजे मगनबाई. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात लहान मूल. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचं आयुष्य एका कोपऱ्यात गेलं असतं. वडिलांनी तिला शिकवलं आणि तिने इतर बायकांसाठी शाळा उघडली. मुंबईतला ताडदेवचा श्राविकाश्रम तिच्या नावाशी जोडलेला आहे. विधवा आणि एकट्या पडलेल्या बायका तिथे धर्मशिक्षणाबरोबर लिहायला-वाचायला शिकल्या. पुढे दिगंबर जैन महिला परिषदेचं ‘जैन महिलादर्श’ हे हिंदी मासिक निघालं. त्याच्या संपादक आरा इथल्या पंडिता चंदाबाई, त्याही बालविधवा. ज्यांना शुभकार्यात पुढे येऊ देत नसत, त्या बायका साऱ्या देशातल्या जैन स्त्रियांच्या मासिकाच्या अग्रभागी बसल्या. आपल्या समाजात हे शंभर वर्षांपूर्वी झालं आहे. आपल्या मुलींना ते माहीत असायला हवं.

आता परत गिरगावात येऊ. जुलै 1927 मध्ये र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. संततिनियमन आणि शरीराचं आरोग्य हा त्यांचा विषय. त्यांची सगळी मतं आपल्याला पटतील असं नाही, मलाही पटत नाहीत. मुखपृष्ठ तर तेव्हाच्या लोकांना सोसवत नसे. पण त्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली जात, तीही साध्या मराठीत, न लाजवता. या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. तरी 1953 मध्ये वारले तोवर त्यांनी मासिक बंद पडू दिलं नाही. शरीराविषयी प्रश्न विचारणं आणि त्याला खरं उत्तर देणं हा गुन्हा ठरत होता. आज आपल्या घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला पोटात का दुखतं हे विचारायचं असेल तर ती कुणाकडे जाते? बहुतेक मोबाइलकडे. म्हणजे काळ बदलला, पण तिची अडचण तशीच राहिली.

1930 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ सुरू केलं. शंकरराव स्वतः चित्रकार, त्यामुळे मुखपृष्ठाचं महत्त्व त्यांना पुरतं माहीत. ‘स्त्री’ मुंबई-पुण्याइतकंच लहान गावांतल्या घरांतही पोचलं. आपल्या कितीतरी आज्यांनी दुपारची झाकपाक झाल्यावर ते वाचलं असेल. कथा, पाककृती, विणकाम आणि त्याच्याच शेजारी शिक्षण, नोकरी, लग्न यांवरचे लेख, अशी त्याची बांधणी होती. ही शेजारशेजारची मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. विणकामाचा नमुना शोधायला उघडलेल्या अंकात बाईला दुसराच एखादा लेख भेटायचा. घरात त्याला हरकत घ्यायलाही कुणाला जमत नसे.

विद्या बाळ 1964 मध्ये ‘स्त्री’त आल्या, पुढे संपादक झाल्या. ऑगस्ट 1989 मध्ये त्यांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ हे नवं मासिक सुरू केलं. त्याआधी 1977 मध्ये पुण्यातच ‘बायजा’ निघालं होतं. पुन्हा नावं पाहा. ‘स्त्रीबोध’मध्ये बायकांना बोध करायचा होता, ‘बायजा’मध्ये खेड्यातल्या बाईचं नाव होतं, आणि ‘मिळून साऱ्याजणी’त तर सगळ्याच जणी आल्या.

पण जिला वाचायलाच येत नाही, किंवा येतं पण वेळ नाही, तिचं काय? लालबाग-परळच्या चाळींत बायका पहाटे पाण्याच्या रांगेला लागत. कित्येक जणी गिरणी कामगारांसाठी खाणावळी चालवत. 1982 च्या संपानंतर तर घर चालवायचा भार अनेक घरांत बायकांवरच आला. अशा बाईला जाड अंक देऊन काय उपयोग? 1975 मध्ये मुंबईत स्त्री मुक्ती संघटना सुरू झाली. तिच्या कार्यकर्त्यांनी गाणी रचली, पथनाट्यं केली. ज्योती म्हापसेकर व्यवसायाने ग्रंथपाल, पण त्यांनी 1983 मध्ये ‘मुलगी झाली हो’ हे नाटक लिहिलं आणि गावोगावी त्याचे शेकडो प्रयोग झाले. संघटनेने ‘प्रेरक ललकारी’ हे मासिकही काढलं. म्हणजे छापील पानाबरोबर गाणं आणि नाटकही ठेवलं. अक्षर पोचत नाही तिथे आवाज पोचतो. आपल्याकडे स्तवनं आणि सज्झाय पिढ्यान् पिढ्या अशाच टिकल्या ना!

हे सगळं लिहायचं कारण सांगते. आमच्या मंडळातल्या कॉलेजच्या मुलींना स्वतःचा अंक काढायचा आहे. मंडळाची स्मरणिका कशी असते ते तुम्हाला तोंडपाठ आहे. आशीर्वचन, देणगीदारांची यादी, तपस्वींचे फोटो, चातुर्मासाच्या पाककृती आणि जाहिराती. त्यातलं मी काहीच वाईट म्हणत नाही. पण तीत विशीच्या मुलीने विचारलेला एक तरी प्रश्न मी आजवर वाचलेला नाही. बायकांची नावंही बहुधा नवऱ्याच्या नावामागे ‘सौ.’ लावून छापलेली असतात.

म्हणून मुलींना मी चार गोष्टी सुचवल्या. पहिलं, लिहिणारीचं स्वतःचं नाव छापा. दुसरं, पाककृती काढून टाकू नका. कांदा-लसूण न घालता चव आणणं ही आपल्या बायकांची विद्या आहे, पण ती पाककृती कुणाकडून शिकलात तेही लिहा, आजीचं नाव तेवढंच एकदा छापून येईल. तिसरं, एक पान प्रश्नांना ठेवा. विचारणारीला नाव द्यायची सक्ती नको, पण उत्तर देणारीचं नाव हवंच. शरीराचा प्रश्न असेल तर आपल्यातल्याच एखाद्या डॉक्टरबाईला विचारा. पाळीच्या दिवसांत देरासरात का जायचं नाही, असं कुणी विचारलं तर तेही छापा आणि दोन वेगवेगळी मतं शेजारी शेजारी द्या. आपला धर्मच अनेकांतवाद शिकवतो. चौथं, ज्या आज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी दोन लेख वाचून रेकॉर्ड करा.

तिसऱ्या सूचनेवर काही मोठ्या बायका नाराज आहेत. “असं छापून आलं तर लोक काय म्हणतील,” असं त्या म्हणतात. त्यांची भीती मला कळते. स्थळं बघायचे दिवस आहेत, समाज लहान आहे, कुणाचं अक्षर कुणीही ओळखेल. पण प्रश्न छापला नाही म्हणून तो मुलीच्या मनातून जात नाही. तो मनात ठेवून ती एकटी पडते आणि मग आपण म्हणतो, “हल्लीच्या मुली काही सांगतच नाहीत.”

तुमच्या मंडळात स्मरणिका निघत असेल तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारून बघा, की मुलींसाठी एक पान मोकळं ठेवता येईल का. एका पानाचा छपाईचा खर्च फारसा नसतो.