वऱ्हाडातील परगणे वतनदार : भूधारणा, वडीलपणा आणि वारसा

प्रस्तावना

मध्ययुगाच्या उत्तरार्धातील इंग्लंडचा इतिहास शिकविताना तेथील ग्रामीण सरंजामदार वर्गाचा, म्हणजे उमरावांच्या खालोखाल असलेल्या जमीनदार घराण्यांचा, उल्लेख करावा लागतो. ज्येष्ठ पुत्राने सारी जमीन घ्यायची आणि धाकट्यांनी वकिली, चर्च, व्यापार किंवा लष्कर यांपैकी एक वाट धरायची, हे चित्र पाठ्यपुस्तकांत ठरून गेलेले आहे. त्याच्या शेजारी आपल्याकडील चित्रही तेवढेच ठरलेले असते. हिंदू कायद्यामुळे प्रत्येक पिढीत वाटण्या झाल्या, जमिनीचे तुकडे पडले आणि घराणी खालावली, असे सांगून आपण मोकळे होतो. ही दोन्ही विधाने अर्धवट आहेत. वऱ्हाडातील देशमुख, देशपांडे व पाटील यांच्या वतनांचा विचार केला असता वाटणी ही येथे अनेक शतके चालू होती आणि तरीही घराणी टिकून होती, असे दिसते. मग एकोणिसाव्या शतकात असे काय बदलले, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

वतन म्हणजे जमीन नव्हे

वतन या अरबी शब्दाचा दख्खनमध्ये रूढ झालेला अर्थ वंशपरंपरागत अधिकारपद आणि त्या पदाला जोडलेले उत्पन्न असा आहे. परगण्याच्या पातळीवर देशमुख हा वसुलाचा व बंदोबस्ताचा प्रमुख, तर देशपांडे हा हिशेब व दफ्तर सांभाळणारा. गावात हीच जोडी पाटील आणि कुळकर्णी यांची. वऱ्हाडात कुळकर्ण्यास पुढे सर्रास पटवारी म्हटले जाऊ लागले. देशमुखाच्या वतनात तीन गोष्टी एकत्र असत. पहिली, वसुलावरील रुसूम. दुसरी, इनाम जमीन. तिसरी म्हणजे मानपान : शिक्का, सभेतील बैठक, सणावारी पहिला विडा, होळीची पहिली पोळी, पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिल्यांदा जाणारी बैलजोडी. ही तिसरी बाब आजच्या वाचकास क्षुल्लक वाटेल. परंतु वतनाच्या तंट्यांचे जे कागद उपलब्ध आहेत, त्यांत रुसुमापेक्षा मानावर अधिक शाई खर्च झाली आहे, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

वऱ्हाडात सत्ता वारंवार बदलली. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्काने अचलपूर येथे इमादशाही स्थापन केली. १५७४ मध्ये ती निजामशाहीत विलीन झाली. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर ते निजामाचे झाले आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या वसुलामुळे येथे दुहेरी अंमल चालला. या प्रत्येक राजवटीला परगण्यातील वतनदाराची गरज होती, कारण गावाची जमाबंदी, कुळांची ओळख आणि सीमांची माहिती त्याच्या दफ्तरात व डोक्यात होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांना राज्याचे दायाद मानले आहे. हा शब्द अगदी नेमका आहे. दायाद म्हणजे दायाचा, अर्थात वारसा-संपत्तीचा, भागीदार. राजाने त्यांना नोकर समजू नये आणि स्वतंत्रही होऊ देऊ नये, असा तो सल्ला आहे. वारसा कायद्यातील शब्द राज्यशास्त्रात आला, यावरून वतनाची खरी जातकुळी कळते.

वाटणी आणि वडीलपणा

वतन ही मालमत्ता असल्याने मिताक्षरेनुसार पुत्रांचा तिच्यावर जन्मतः हक्क होता आणि म्हणून तिची वाटणी होऊ शकत होती. परंतु पद एकच. दोन भाऊ एकाच वेळी शिक्का मारू शकत नव्हते. यावर दख्खनच्या परंपरेने काढलेला तोडगा म्हणजे वडीलपणा. उत्पन्नाच्या तक्षिमा पाडायच्या, इनाम जमीन वाटून घ्यायची, गावेसुद्धा वाटून घ्यायची; पण शिक्का, कागदावर पहिले नाव आणि पहिला मान वडील शाखेकडे ठेवायचा. धाकट्या शाखांना दुसरा, तिसरा मान. वाटणीपत्रात हे सारे तपशिलाने येते. वाड्याचा कोणता सोपा कोणाचा, विहिरीवरील पाळी कोणाची, ढोल कोणाच्या दारापुढे आधी वाजायचा, येथपर्यंत तो तपशील जातो.

पश्चिम महाराष्ट्रातील जेधे, खोपडे, मसूरचे जगदाळे अशा घराण्यांचे कागद राजवाडे आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या परिश्रमांमुळे छापून आले. वऱ्हाडातील घराण्यांचे भाग्य तेवढे थोर नाही. तथापि येथे वाटणीचा पुरावा कागदाबाहेरही सापडतो. सिंदखेडचे देशमुख लखुजीराव जाधव १६२९ मध्ये दौलताबाद येथे निजामशाही दरबारात मारले गेले. त्यांच्या घराण्याच्या शाखा ज्या गावी नांदल्या त्या गावांची नावे पाहावीत : सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा. बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावरील हा ‘राजा’ प्रत्यय म्हणजे एका घराण्याच्या विस्ताराचा जणू वंशवृक्षच आहे. शाखा वेगळ्या झाल्या, तरी मूळ नाव कोणी सोडले नाही.

तंटा झाल्यास गोतसभा बसे. परगण्याचे वतनदार, गावचे पाटील, शेटे, महाजन, बलुतेदार यांच्या साक्षीने महजर होई. प्रत्येक पक्ष आपला करीना, म्हणजे वतनाची पिढीजात हकीकत, सादर करी. पुरावा तोकडा पडला तर दिव्य. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ च्या ग्रंथात या पद्धतीची साक्षेपाने मांडणी केली आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. महजरावर न्हावी, महार, कुंभार यांचीही निशाणी असे. वतनाचा वारसा हा केवळ कुटुंबाचा खासगी मामला नव्हता. संपूर्ण गोताला तो माहीत असणे आवश्यक होते, कारण गोताची स्मृती हेच त्याचे नोंदणी कार्यालय होते. म्हणून खून, पळवणूक आणि खोटे कागद यांचा सुळसुळाट असूनही दीर्घकाळ एखाद्या शाखेस पूर्णपणे नाहीसे करणे सोपे नव्हते.

विधवा आणि दत्तक

निपुत्रिक वतनदार वारला की खरा प्रश्न उभा राही. महाराष्ट्रातील परंपरेत मिताक्षरा प्रधान आणि नीळकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ दुय्यम असा क्रम आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील या सतराव्या शतकातील पंडिताने स्त्रियांच्या बाबतीत काहीसे उदार मत मांडले. पतीची स्पष्ट आज्ञा नसतानाही विधवेस दत्तक घेता येतो, हे महाराष्ट्राचे वैशिष्ट्य पुढे इंग्रजी न्यायालयांनीही मान्य केले. व्यवहारात मात्र भाऊबंदांची संमती आणि सरकारची नजर या दोन दारांतून तिला जावे लागे. भाऊबंद आपलाच मुलगा पुढे करीत. दत्तक नाकारला गेला तर तिच्या हाती अन्नवस्त्र. दत्तक मिळाला तर ती वतनाची कर्ती, मुलगा सज्ञान होईपर्यंत का होईना. वतनी कागदांत ज्या थोड्या स्त्रिया आपल्या नावाने बोलतात, त्या बहुतांशी अशाच दत्तक मुलाच्या आया आहेत.

इंग्लंडमध्ये काय घडत होते, हे येथे पाहणे उपयुक्त ठरेल. १२८५ च्या कायद्याने जमीन ठरावीक वंशरेषेतच राहील अशी देणगी शक्य झाली. १२९० च्या कायद्याने जमिनीची विक्री मोकळी केली. मृत्युपत्राने जमीन देता येत नसल्याने लोकांनी विश्वासू मंडळींच्या नावे जमीन करून ठेवण्याची युक्ती काढली, जी १५३६ च्या कायद्याने आवळली गेली आणि १५४० मध्ये मृत्युपत्राचा हक्क बऱ्याच अंशी द्यावा लागला. म्हणजे ज्येष्ठाधिकार हा वरवरचा नियम होता. बाप धाकट्यांची सोय लावतच होता. नॉर्फोकचे न्यायाधीश विल्यम पॅस्टन १४४४ मध्ये वारले तेव्हा धाकट्या मुलांना काही जमिनी मिळाव्यात अशी त्यांची इच्छा होती. थोरला जॉन याने ती मानली नाही आणि घरात कायमची तेढ आली. तेथे थोरल्यास सर्व देऊन धाकट्यांसाठी पळवाट शोधली जाई, तर आपल्याकडे सर्वांस देऊन थोरल्यासाठी मान राखून ठेवला जाई. भावाभावांतील कलह दोन्हीकडे सारखाच.

१८५३ नंतर

१८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडला आणि देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. निजामाच्या कारभारात, विशेषतः १८४३ पर्यंतच्या चंदूलालाच्या काळात, परगणे मक्त्याने देण्याची पद्धत बोकाळली. मुंबईच्या पेस्तनजी मेहेरजींच्या पेढीसारखे सावकार मक्तेदार झाले. देशमुखांना एकतर मक्तेदाराचा हस्तक व्हावे लागले किंवा घरी बसावे लागले. ते स्वतःस जमीनदार म्हणवीत, परंतु गावांची मालकी त्यांच्याकडे नव्हती, आणि हा फरक पुढे फार महागात पडला.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे आले. वायव्य प्रांताच्या धर्तीवर गावाची मालकी एखाद्या घराण्यास द्यावी असा विचार प्रारंभी झाला होता. तसे झाले असते तर वऱ्हाडचे देशमुख शेजारच्या नागपूर-वर्ध्याच्या मालगुजारांसारखे झाले असते. १८६१ मध्ये तो बेत सोडून मुंबई इलाख्याची रयतवारी स्वीकारण्यात आली. जो कसतो व सारा भरतो तो खातेदार. परगण्याचे काम तहसीलदाराकडे गेले, देशमुख-देशपांडे यांचे पद कालबाह्य ठरले आणि रुसुमाचे रूपांतर रोख नेमणुकीत झाले. पाटील व पटवारी मात्र सरकारला हवे होते. त्यांच्यासाठी १९०० चा वऱ्हाड पाटील व पटवारी कायदा आला. (वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या निजामाचा मुलूख असल्याने येथील कायदे ‘ॲक्ट’ नसून ‘लॉ’ म्हणविले जात, ही एक गंमत.) अल्फ्रेड लायल यांनी १८७० मध्ये संपादित केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरात या संक्रमणाचे चित्र येते. लायल जाणकार होते, परंतु वतनदारांविषयी त्यांचा सूर अस्ताला गेलेल्या गोष्टीविषयी बोलावे तसा आहे.

माझ्या मते निर्णायक बदल येथे आहे. वाटणी तीच राहिली, वडीलपणा गेला. पूर्वी भावांमध्ये जे वाटले जात होते ते प्रामुख्याने वसुलातील हिश्शांचे हक्क होते. हक्काच्या आठ तक्षिमा केल्या तरी शेताचे आठ तुकडे होतातच असे नाही. आणि वाटल्या न जाणाऱ्या शिक्क्याभोवती साऱ्या शाखा बांधलेल्या राहत. रयतवारीत घराण्यापाशी उरली ती नावावरची शेते. ती वाटली जाऊ लागली, आणि मुख्य म्हणजे ती विकता व गहाण ठेवता येऊ लागली. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले, १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली, आणि काळ्या जमिनीला कधी नव्हती अशी किंमत आली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील १९९७ च्या ग्रंथात या भरभराटीची दुसरी बाजू दाखविली आहे. पूर्वी कर्जबाजारी वतनदार आपली तक्षीम भाऊबंदांत किंवा गोताच्या साक्षीने देई. आता सावकाराचा दावा दिवाणी न्यायालयात जाई, आणि तेथे गोताला कोणी विचारीत नसे. वाटणीमुळे घराणी बुडाली असे म्हणणाऱ्यांनी विक्रीखतांचीही गणती करावयास हवी.

मुलींचा हिस्सा

या साऱ्या कथेत मुलगी कोठे आहे? वतनात ती जवळपास नाही. मुंबई इलाख्यात तर १८८६ च्या कायद्याने विधवेखेरीज अन्य स्त्रियांचा वतनावरील हक्क पुरुष नातलगांच्या मागे ढकलला. वतन घराण्याबाहेर जाऊ नये हा त्यामागील हेतू होता. वतने गेली, पण हा हेतू गेला नाही. १९५१ मध्ये मध्यप्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने वऱ्हाडातील जहागिरी, इजारा आणि पालमपट संपविले. १ जानेवारी १९६३ पासून महाराष्ट्रात मुलकी पाटीलकीही संपली. जमीनधारणेची कमाल मर्यादा १९६१ च्या कायद्याने आली आणि अनेक मोठ्या घरांत त्यापूर्वीच्या वर्षांत घाईने वाटण्या झाल्या, हे वऱ्हाडात कोणास सांगावयास नको.

विधवेस मर्यादित हिस्सा देणारा १९३७ चा कायदा शेतजमिनीस लागू नव्हता. मध्यप्रांत-वऱ्हाडात तो १९४२ मध्ये प्रांतिक कायद्याने लागू करावा लागला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस झाली, पण सहदायाद नव्हे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तिला सहदायाद केले, आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते देशभर झाले. ११ ऑगस्ट २०२० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे व दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नसल्याचे स्पष्ट केले. अमात्यांनी वतनदारांना लावलेला दायाद हा शब्द तीन शतकांनंतर मुलींच्या वाट्याला आला.

तहसील कार्यालयात मात्र आणखी एक कागद चालतो : हक्कसोडपत्र. बाप वारला की फेरफारात बहिणींची नावे लागतात आणि काही महिन्यांत त्या ‘स्वखुशीने’ हक्क सोडतात. भाऊ साडीचोळी करतो, माहेरचे दार उघडे राहते. वतनाच्या काळात धाकट्या भावाला तक्षीम कमी मिळाली तर निदान दुसरा मान तरी मिळे, आणि गोतापुढे त्याची नोंद होई. बहिणीच्या हक्कसोडपत्रास साक्षीदार दोन, आणि बहुधा ते दोघेही भावाचेच.

चांदूर बाजार, अंजनगाव, दर्यापूर या बाजूच्या अनेक गावांत पांढऱ्या मातीची देशमुखी गढी अजून उभी दिसते. बुरूज ढासळलेले, आत बाभळी, एखाद्या कोपऱ्यात कोणाचे तरी गोठे. शेते वाटली गेली, विकली गेली. गढी कोणी विकू शकत नाही, कारण सह्या करणारे वारस आता कित्येक गावांत आणि शहरांत पसरलेले असतात, आणि दुरुस्तही करीत नाही, कारण ती एकट्याची नाही. तिच्या भिंतींची पांढरी माती मात्र गावातील लोक घरे सारवायला आणि शेतात टाकायला गाडीने नेतात. त्यास कोणी हरकत घेत नाही.